लेबल वाचले, बियाणे तपासलेच नाही

आपल्या भागात पूर्वी मुलाखत म्हटली की ती जिल्हा परिषदेत नाहीतर साखर कारखान्यावर. इस्त्रीचा सदरा, कागदपत्रांची पिशवी, सकाळची पहिली एस.टी. आणि सोबत एखादा ओळखीचा माणूस. आता मुलाखत फोनवर येते आणि ती केव्हा येईल याचा नेम नसतो. पोरगा रानात पाणी धरत असतो आणि खिशातला फोन वाजतो. पलीकडून कुणीतरी भराभरा इंग्रजीत बोलू लागते. पंधरा मिनिटांत सारे आटोपते आणि चार वर्षांच्या शिक्षणाचा निकाल लागावा तसे घर गप्प होते.

अशी गप्प झालेली घरे गेली दोन-तीन वर्षे फिरतीवर माझ्या पाहण्यात येत आहेत. सॉफ्टवेअरच्या नोकरीचा विषय शेतीच्या पानावर कशाला, असे कुणी विचारील. परंतु ज्या घरात सोयाबीनच्या पट्टीतून इंजिनिअरिंगची फी गेली, ज्या घराने बँकेचे चार लाखांचे शैक्षणिक कर्ज डोक्यावर घेतले, त्या घराला तो शेतीचाच विषय आहे. तेव्हा शेतकरी बंधूंनी आणि गावपातळीवर काम करणाऱ्या आपल्या मंडळींनी ही भानगड नीट समजून घ्यावी, म्हणून हा लेखप्रपंच.

लातूर जिल्ह्यात माझ्याकडे असलेल्या गावांपैकी एका गावातला मुलगा. नाव देत नाही, कारण ते दिले की पारावर चर्चा सुरू होईल, आणि चर्चा आधीच पुष्कळ झाली आहे. २०२२ साली तो कॉम्प्युटर इंजिनिअर झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याला एका लहान कंपनीत लागला. दवाखान्यांची बिले करण्याचे सॉफ्टवेअर ती कंपनी बनवीत असे. दोन वर्षे त्याने इमानेइतबारे काम केले. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीचे मोठे गिऱ्हाईक सुटले आणि सात-आठ जणांना घरी पाठवले, त्यात हा होता. त्याच महिन्यात वडिलांचे पोटाचे ऑपरेशन निघाले. घरात कर्ता दुसरा कोणी नाही. सोयाबीनची काढणी, हरभऱ्याची पेरणी, दवाखान्याच्या चकरा हे सगळे त्यानेच केले. रात्री मात्र पुस्तक आणि संगणक सोडला नाही.

मे २०२५ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीच्या जागेसाठी त्याला फोन आला. तारीख आणि वेळ आधी कळवली होती. महिनाभर पोराने तयारी केली. मित्रांकडून प्रश्न मागवले, वहीच्या वही भरली. घरात रेंज येत नाही म्हणून तो बांधावरच्या लिंबाखाली जाऊन बसला. त्या दिवशी योगायोगाने मी तिथेच होतो. घरच्या सोयाबीनची उगवण तपासायला त्याच्या वडिलांनी बोलावले होते.

पंधरा मिनिटांची मुलाखत

काय विचारले? स्वतःविषयी सांगा. किती वर्षे अनुभव? त्यातला या कामाशी जुळणारा किती? आधीचा पगार किती होता? आता किती हवा? केव्हा रुजू होणार? पुण्यात राहायला अडचण आहे का? झाले. संगणकाचा एकही प्रश्न नाही. ज्या विषयांची वही भरली होती ती पिशवीतून बाहेर निघालीच नाही.

मध्ये एक गोष्ट घडली ती सांगण्याजोगी आहे. त्या जागेसाठी 'स्प्रिंग बूट' नावाच्या साधनाचा तीन वर्षांचा अनुभव पाहिजे होता. हा म्हणाला, मी दोन वर्षे जावात काम केले, पहिले वर्ष साधे स्प्रिंग आणि दुसरे वर्ष स्प्रिंग बूट. पलीकडून विचारणा झाली, म्हणजे एकच वर्ष ना? आता मी कृषी पदविका केलेला माणूस, माझे संगणकाचे ज्ञान आमच्या खात्याच्या ॲपपुरते. मी त्याला नंतर विचारले की या दोहोंत फरक तरी किती? तो म्हणाला, "सर, महिंद्राचा ट्रॅक्टर दोन वर्षं चालवलेल्याला स्वराज चालवता येतो का, इतकाच." हे फोनवरच्या व्यक्तीला ठाऊक नव्हते. तिच्यापुढच्या तक्त्यात तीनचा आकडा होता, आणि याचा आकडा एक भरला.

मग आठ महिने घरी का होतास, असा प्रश्न आला. याने खरे ते सांगितले. वडिलांचे ऑपरेशन, घरची शेती. पलीकडे थोडा वेळ नुसता कळफलकाचा आवाज. "ओके. वुई विल गेट बॅक टू यू." याने धीर करून विचारले की काम नेमके काय असेल? उत्तर मिळाले, जाहिरातीत दिले आहे. फोन बंद.

पुन्हा फोन आला नाही. याने दोन वेळा मेल पाठवली, तिलाही उत्तर नाही. तीन आठवड्यांनी तीच जाहिरात परत झळकली.

मुलगा नापास झाला असता तर एक वेळ चालले असते. इथे परीक्षाच झाली नव्हती. घरी मात्र सगळ्यांनी तो नापास धरला. वडील मला म्हणाले, "सायेब, लेकरानं महिनाभर रातीचं रातीचं वाचलं. मग चुकलं कुठं?" मी त्या वेळी ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडत होतो. शंभरांत सत्तर उगवले तर बियाणे पेरायचे, हे त्यांना मी काय सांगणार, तेच मला सांगतील. मी एवढेच म्हणालो, "मामा, पिशवीवरचं लेबल वाचून माल परत पाठवला त्यांनी. दाणा भिजवून पाहिलाच नाही."

हा भरतीवाला कोण?

सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखतीचे टप्पे असतात. पहिल्या टप्प्यावर बोलतो तो रिक्रूटर, म्हणजे भरतीचे काम पाहणारा माणूस. तो बहुधा स्वतः इंजिनिअर नसतो. त्याचे काम चाळणीचे. एका जागेला शेकड्यांनी अर्ज येतात. त्यातून दहा-पंधरा नावे काढून पुढे इंजिनिअर लोकांकडे द्यायची. चाळणीला भोके ठरलेली असतात. दहावी, बारावी, पदवी सगळीकडे ६० टक्के आहेत का, मध्ये खंड किती, अमुक साधन येते का, पगार बसतो का. भोकातून दाणा गेला तर गेला. गुणाची पारख पुढच्या टप्प्यावर, पण तिथपर्यंत पोचायचे तर आधी चाळणी पार करावी लागते.

कित्येकदा हा फोन कंपनीचा नसतोच. तो कन्सल्टन्सीचा, म्हणजे मधल्या एजन्सीचा असतो. माणूस लागला की कंपनी त्यांना मेहनताना देते. पुष्कळ ठिकाणी तो वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे सरळ एका महिन्याच्या पगाराइतका असतो. लागलेला माणूस ठरावीक मुदतीच्या आत, बहुधा तीन महिन्यांच्या आत, सोडून गेला तर दुसरा फुकट आणून द्यावा लागतो. त्यामुळे थोडी जरी शंका आली तरी एजन्सीवाला नाव पुढे ढकलत नाही. आठ महिन्यांचा खंड ऐकून तिकडे जी शांतता पसरली, तिचे कारण बहुतेक हेच.

त्या फोनवरच्या मुलीला दोष देऊन काही साधणार नाही. तिलाही दिवसाला अमुक इतके फोन करण्याचे बंधन असते आणि महिन्याला अमुक इतक्या जागा भरण्याचे. कोण जाणे, तीही कुठल्या तरी अशाच गावची लेक असेल. तरीपण 'निवड झाली नाही' एवढे दोन शब्द कळवायला काय हरकत आहे? आमच्याकडे सोडतीत नाव निघाले नाही तर यादी निदान ग्रामपंचायतीत लागते. माणूस पुढच्या कामाला लागतो. इथे पोरगा तीन आठवडे फोन उशाला घेऊन झोपला.

भाव पडलेला आहे

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर लातूरच्या बाजारात सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेले होते, हे कुणी विसरलेले नाही. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात चार हजारांच्या आसपास विकावे लागले, हेही विसरलेले नाही. सॉफ्टवेअरचे अगदी तसेच झाले. २०२१-२२ या एका वर्षात टीसीएसने सुमारे एक लाख नवीन पोरे घेतली. ते पाहून गावोगाव कॉम्प्युटर शाखेला गर्दी झाली. पीक हाती येईपर्यंत बाजार फिरला. मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तीन कंपन्यांची मिळून माणसे ६० हजारांहून अधिक घटली. विप्रोने फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा लाखांचा शब्द दिलेल्या नवख्यांना साडेतीन लाखांवर येता का, असे विचारले. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले.

तेव्हा एका फोनवरून पोराची किंमत करू नये. आवक वाढली आणि भाव पडला की चाळणीची भोके बारीक होतात. चांगला मालही खाली राहतो.

पगाराच्या आकड्याबद्दल मात्र घराघरात मोठा गैरसमज आहे. कंपनी जो आकडा सांगते त्याला सीटीसी म्हणतात, म्हणजे कंपनीला वर्षभरात पडणारा एकूण खर्च. तो म्हणजे हाती येणारा पैसा नव्हे. आपली बाजारातली पट्टी आठवा. वर एकूण रक्कम, खाली हमाली, तोलाई वजा, शेवटी निव्वळ. समजा वर्षाला ३ लाख ६० हजार ठरले. महिन्याचे ३०,००० झाले. त्यात मूळ पगार १५,००० धरला तर कंपनीच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ७२० रुपये आधीच यात मोजलेले असतात. मग मुलाच्या वाट्याचे १,८०० कापले जातात, व्यवसाय कर २०० रुपये. हाती उरतात साडेपंचवीस हजारांच्या आसपास. विम्याचा हप्ता आणि कामगिरीवर अवलंबून असलेला हिस्सा काढला तर त्याहून कमी. त्यातून पुण्यातली खोली, खानावळ आणि बँकेचा हप्ता. मुलगा सॉफ्टवेअरला आहे म्हणून सोयरिकीत आकडे सांगणाऱ्यांनी ही पट्टी एकदा मांडून पाहावी.

आधीचा पगार विचारण्यामागेही हिशोब आहे. जुना भाव कळला की नवा भाव त्याच्यावर थोडा चढवून देता येतो. कामाची किंमत वेगळी असली तरी बोली जुन्या आकड्यावरून सुरू होते. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०१८ पासून उमेदवाराला जुना पगार विचारायला बंदी घातली. आपल्याकडे तशी बंदी नाही. म्हणून खोटा आकडा सांगावा असे मुळीच नाही, तो पुढे पगाराच्या चिठ्ठीवरून उघडा पडतो. पण 'या जागेसाठी आपण किती रक्कम ठरवली आहे?' असे उलट विचारायला कुणाची आडकाठी नाही. व्यापाऱ्याला आपण विचारतोच की, आज काय भाव काढला?

आडत कुणी द्यायची?

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहायला बसलो ते सांगतो. जाहिरात परत आल्यानंतर आठ दिवसांनी या मुलाला आणखी एक फोन आला. या वेळी गोड मराठीत. तुझी मुलाखत कुठे अडकली ते आम्हाला माहीत आहे, दीड लाख भर, मागच्या दाराने आत घालतो, तीन वर्षांच्या अनुभवाचे पत्रही आम्हीच देतो. पन्नास हजार आधी, उरलेले रुजू झाल्यावर. मुलाने नको म्हटले. वडिलांनी मात्र नंबर लिहून घेतला. विहिरीलगतचा एकर गहाण टाकण्याची बोलणी त्यांनी गावातल्या एका सावकारी करणाऱ्याशी सुरू केली, आणि सातबारा काढायला तलाठ्याकडे गेले. तलाठी भाऊसाहेब चाणाक्ष. हंगामाच्या तोंडावर कर्ज न काढता सातबारा कशाला, म्हणून त्यांनी खोदून विचारले, तेव्हा हे बाहेर आले.

आम्ही दोघे संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. वडिलांचे म्हणणे एकच, "समद्यांची पोरं अशीच लागत्यात म्हणं. आपलंच का मागं राहावं?" मी त्यांना एकच विचारले. मामा, जुलै २०१६ मध्ये भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून काढून खरेदीदारावर टाकली, तेव्हा तुम्हीच पेढे वाटले होते ना? मग पोराच्या नोकरीची आडत तुम्ही का देता? ती कंपनीने द्यायची असते, आणि खरी एजन्सी ती कंपनीकडूनच घेते. मोठमोठ्या कंपन्यांनी आपल्या जाहीर सूचनांत लिहून ठेवले आहे की नोकरीसाठी आम्ही कुणाकडूनही पैसे घेत नाही. खोट्या अनुभवाचे पत्र घेऊन आत गेलेल्या मुलांची मागाहून तपासणी होते. पत्र खोटे निघाले की नोकरी जाते आणि नाव काळ्या यादीत पडते. एकर जातो तो वेगळाच.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग मुलगाच बोलला. "दादा, ह्या पैशानं मी लागलो तर रोज सकाळी कंपनीत जाताना मला विहीरच दिसंल." त्या वाक्यानंतर सातबाऱ्याचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

पैसे मागणाऱ्यांचे आणखीही प्रकार आहेत. कुणी नोंदणी शुल्क म्हणून हजार-दोन हजार मागतो, कुणी लॅपटॉपची अनामत मागतो, कुणी नोकरी आहे म्हणून बोलावतो आणि आधी आमचा पन्नास हजारांचा कोर्स करा म्हणतो. मूळ गुणपत्रिका कुणाच्या ताब्यात देऊ नयेत. आधारवर आलेला ओटीपी सांगू नये. पैसे गेलेच असतील तर लाजेने घरात बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकत जातात.

फोन आला तर

पोरांनाही दोन शब्द. चाळणीला दोष देत बसण्यापेक्षा तिची भोके ओळखून तयारी करावी. स्वतःची दोन मिनिटांची ओळख इंग्रजीत पाठ नको, पण तोंडात बसलेली हवी. खंड असेल तर तो एका वाक्यात सांगून मोकळे व्हावे आणि लगेच त्या काळात काय केले ते सांगावे. आमच्या या मुलाने घरी असताना गावातल्या शेतकरी गटाच्या बियाणे विक्रीचा हिशोब ठेवणारा एक छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. गटाचे सचिव आजही तोच वापरतात. ते त्याने फोनवर सांगितलेच नाही, कारण कुणी विचारले नाही. अरे बाबा, भेंडी कोवळी आहे हे गिऱ्हाईक विचारायची वाट पाहत कोण बसतो? आपणच एक मोडून दाखवतो.

फोन करणाऱ्याला तुम्ही कंपनीचे की एजन्सीचे हे अवश्य विचारावे. कंपनीचे नाव, पुढची मुलाखत कोण घेणार, उत्तर कोणत्या तारखेपर्यंत मिळेल, हे विचारून वहीत टिपावे. ती तारीख उलटली की तो विषय संपला असे धरून दुसऱ्या अर्जाला लागावे. शक्यतो कंपनीत आधीच असलेल्या मित्राकरवी नाव पाठवावे, म्हणजे अर्ज थेट माणसाच्या हाती पडण्याचा संभव वाढतो.

या मुलाचे पुढे तसेच झाले. जूनमध्ये एका मित्राने पुण्यातल्या पंचवीस-तीस माणसांच्या कंपनीत त्याचे नाव दिले. तिथे मुलाखत घेणारा स्वतः इंजिनिअर होता. तासभर बसवून घेतले, एक बिघडलेला प्रोग्राम पुढे टाकला आणि दुरुस्त कर म्हटले. याने अर्धा दुरुस्त केला. जागा दुसऱ्याला मिळाली. पण त्या गृहस्थाने दुसऱ्याच दिवशी फोन करून सांगितले की तुझे डेटाबेसचे काम कच्चे आहे, तेवढे पक्के कर आणि तीन महिन्यांनी पुन्हा ये. गावात परत आला तेव्हा पोराचा चेहराच वेगळा होता. पारावरच्या एकाने विचारले, लागलास काय रे? "नाही लागलो," म्हणाला, आणि हसत घरी गेला. बसलेल्यांना त्याचे काही उमगले नाही.

राहता राहिली रेंज. लिंबाखाली बसून दिलेल्या मुलाखतीत दोन वेळा आवाज तुटला होता, आणि पलीकडच्याला वाटते की पोरगाच अडखळतो आहे. ग्रामपंचायतीत इंटरनेटची जोडणी आलेली असते, पण पुष्कळ ठिकाणी ती कुलपाआड पडून राहते. या गावच्या ग्रामपंचायतीने जुलैपासून मागची छोटी खोली सकाळी नऊ ते दुपारी एक अशा मुलाखतींसाठी मोकळी ठेवली आहे. टेबल, खुर्ची, पंखा आणि वीज गेली तर पंधरा मिनिटे टिकणारी बॅटरी एवढेच सामान आहे. आतापर्यंत तीन मुले आणि एक मुलगी तिथे बसून गेली. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना असे करता येण्यासाठी वेगळा निधी लागला नाही. किल्ली शिपायाकडे असते, आदल्या दिवशी सांगून ठेवले की खोली झाडून मिळते.